अंतर आपल्याला नवे नाही

घरून काम करण्याविषयी आपल्याकडे गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात एक मोठी गोष्ट विसरली जाते. भारतातला आयटी उद्योग मुळात उभा राहिला तोच दुरून काम करून. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळुरूत केंद्र काढले, तेव्हा तिथले काम उपग्रहाच्या जोडणीवरून अमेरिकेत जाई. १९९१मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि अशी जोडणी लहान कंपन्यांच्याही आवाक्यात आली. त्यानंतर अमेरिकेतल्या बँकांचे, इंग्लंडमधल्या विमा कंपन्यांचे काम हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली इथे बसलेल्या माणसांनी केले. त्या बँकेतल्या अधिकाऱ्याने आपले काम करणाऱ्या टीममधल्या बहुतेकांना कधी प्रत्यक्ष पाहिले नाही. ते किती वाजता आले, जेवायला किती वेळ गेले, खुर्चीवर बसून काय करत होते, यातले त्याला काही दिसत नव्हते. तरीही काम होत राहिले आणि कंत्राटांची मुदत वाढत गेली. हजारो किलोमीटरवरून काम करून दाखवणाऱ्या या उद्योगाने आपल्याच माणसाला हिंजवडीहून वीस किलोमीटरवरच्या त्याच्या घरी बसवले, तेव्हा मात्र ‘असे काम होत नाही’ हा निष्कर्ष काही वर्षांतच काढला. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि ते या व्यवसायात काम करताना जे रोज दिसते त्यातून बनलेले आहे.

ग्राहकाशी असलेले अंतर आपोआप मिटले नव्हते. त्यासाठी कामाची सगळी रीत नव्याने बांधावी लागली. काय हवे आहे ते आधी लिहून काढायचे, त्यावर दोन्हीकडची संमती घ्यायची, काम पूर्ण झाले असे कधी म्हणायचे याच्या कसोट्या ठरवायच्या, प्रत्येक अडचणीचे तिकीट काढायचे, तिची तीव्रता नोंदवायची, ती किती तासांत सुटली पाहिजे हे करारात लिहायचे. रात्री सिस्टिम बंद पडली तर पहिला फोन कोणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, हेही लिहिलेले. शिफ्ट संपवणारा माणूस पुढच्याला अपुऱ्या कामाची नोंद देऊनच उठणार. ग्राहकाच्या कार्यालयात एक ऑनसाइट कोऑर्डिनेटर बसवायचा. तिथले न बोललेले इथे कळवणे आणि इथली अडचण तिथे समजावणे हेच त्याचे काम. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या, कामाची पद्धत किती पक्की आहे हे तपासणाऱ्या सीएमएम या मोजपट्टीची सर्वांत वरची पाचवी पायरी गाठणाऱ्या कंपन्यांत भारतीय कंपन्यांचा वाटा एवढा मोठा होता, तो याच गरजेतून. समोर दिसत नसलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा तर त्याच्या कामाची पद्धत तपासता आली पाहिजे, हे ग्राहकाला कळले होते आणि आपल्यालाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि काही दिवसांत लाखो माणसांचे काम घरी हलवले गेले. डेस्कटॉप गाड्यांतून घरोघरी पोचवले गेले, दूरसंचार खात्याने कॉल सेंटरांसाठीचे कडक नियम तात्पुरते सैल केले आणि नोव्हेंबर २०२०मध्ये ते कायमचे बदलले. ज्यांनी हे घडवून आणले त्यांचे कौतुक कमीच झाले आहे. पण घरी काय हलवले गेले, ते नीट पाहिले पाहिजे. ग्राहकासाठी वापरली जाणारी दुरून कामाची शिस्त घरी गेली नाही. कार्यालयाचा दिवस जसाच्या तसा घरी गेला: तीच नऊ तासांची हजेरी, तीच टाइमशीट, ‘जरा दोन मिनिटे बोलू’ म्हणून होणारे तेच संभाषण, फक्त आता प्रत्येक दोन मिनिटांसाठी अर्ध्या तासाची मीटिंग. टीसीएसने एप्रिल २०२०मध्ये जाहीर केले होते की २०२५पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही. २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत त्याच कंपनीत आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याची सूचना निघाली. ही एका कंपनीची गोष्ट नाही; या उद्योगातल्या बहुतेकांचा प्रवास कमी-अधिक असाच झाला. मधल्या काळात जागा बदलली होती. कामाची रीत बदलण्याचा मोठा प्रयत्न मात्र फार थोड्या ठिकाणी झाला.

या काळाविषयीचा सर्वांत बोलका पुरावा मायकेल गिब्ज, फ्रीडेरिके मेंगेल आणि क्रिस्टॉफ सीमरोथ या तीन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आहे. आशियातल्या एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या एप्रिल २०१९ ते ऑगस्ट २०२० या काळातल्या नोंदी त्यांनी तपासल्या. काम घरी गेल्यावर तास वाढले, झालेले काम किंचित कमी झाले, आणि ताशी उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी घसरली. घरून काम नको म्हणणारे हा आकडा पुढे करतात, आणि तो खराच आहे. पण याच अभ्यासात घसरण कशामुळे झाली याचाही माग आहे. मीटिंगा आणि समन्वयाची कामे वाढली, सलग काम करायला मिळणारा वेळ आटला, वरिष्ठांशी एकास एक होणारी चर्चा कमी झाली, आपल्या गटाबाहेरच्या लोकांशी संपर्क घटला. म्हणजे माणसे आळशी झाली नव्हती. ती जास्त वेळ बसत होती आणि तो जास्तीचा वेळ एकमेकांना गाठण्यात जात होता. आधी मान वर करून विचारता येणारी गोष्ट विचारायची दुसरी वाट कोणी आखून दिली नव्हती, म्हणून ती मीटिंगच्या वाटेने गेली. त्यात ही टाळेबंदी होती. शाळा बंद, मुले घरात, आणि मुले असलेल्यांची घसरण अधिक. एवढ्या सगळ्याचा दोष ‘घर’ या एका शब्दावर टाकणे मला मान्य नाही.

याच्या उलट बाजूला निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग नेहमी सांगितला जातो. २०१०च्या अखेरीस सुरू झालेल्या या नऊ महिन्यांच्या प्रयोगात कॉल सेंटरच्या इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्मे झाले. पण प्रयोगात घेताना कंपनीने अटी घातल्या होत्या: किमान सहा महिन्यांचा अनुभव, घरी ब्रॉडबँड, कामासाठी वेगळी खोली. पाचवा दिवस सर्वांनी कार्यालयात घालवायचा होता. प्रत्येक कॉलची मोजणी आधीपासून होतीच. आणि प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी कार्यालयात परत यायचे ठरवले. एकटेपणा हे त्यांचे मुख्य कारण होते. ज्यांना घर मानवले ते घरी राहिले, ज्यांना मानवले नाही ते परतले, आणि निवडीची अशी मोकळीक दिल्यावर फायदा २२ टक्क्यांपर्यंत गेला. एकच नियम सर्वांना लावणारी कंपनी, मग तो घरचा असो वा कार्यालयाचा, हा जास्तीचा फायदा हातचा घालवते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अडचणीचा पुरावा आपल्याच देशातला आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. डेव्हिड अॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे यांनी चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवर असाच प्रयोग केला. कोणी घरून काम करायचे आणि कोणी कार्यालयातून, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. काम एकट्याने करायचे, समन्वयाची गरज जवळजवळ नाही. तरी घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी निघाली. या फरकाचा दोन तृतीयांश भाग पहिल्याच दिवसापासून दिसत होता, उरलेला कार्यालयातले लोक भराभर शिकत गेल्यामुळे पडला. आणि ज्यांना घरून काम करणे अधिक पसंत होते, त्यांचीच घरून होणारी घट जास्त होती. घरातल्या जबाबदाऱ्यांमुळे ज्यांना घर सोडता येत नाही, त्यांनाच त्या जबाबदाऱ्या कामातही गाठतात. पिंपरी-चिंचवडमधल्या किंवा डोंबिवलीतल्या वन बीएचकेमध्ये सासू-सासरे, शाळेतले मूल आणि दोन लॅपटॉप एकत्र नांदताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. घर बदलणे कंपनीच्या हातात नाही, हे खरे. पण कार्यालयाचे भाडे, वीज, बस आणि कॅन्टीन यांवर वाचलेला पैसा कोणाकडे राहिला, हा प्रश्न कंपनीला विचारता येतो. टेबल-खुर्ची, इन्व्हर्टर, दुसरी इंटरनेट जोडणी, घराजवळच्या अभ्यासिकेसारख्या कामाच्या जागेचे भाडे हा कामाचा खर्च आहे. तो कर्मचाऱ्याच्या खिशात ढकलायचा आणि मग त्याच्या घराला दोष द्यायचा, हे अन्याय्य आहे आणि हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

रीत बदलण्याच्या आड सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असे विचारले तर माझे उत्तर बिलिंग हे आहे. आयटी सेवांची अनेक कंत्राटे तास मोजून पैसे देण्याच्या पद्धतीची आहेत. इंजिनिअरचा तास हाच विकायचा माल. कोणते काम किती चांगले झाले, यापेक्षा कोण किती तास बिलेबल होता यावर मॅनेजरचे महिन्याचे गणित ठरते. अशा मॅनेजरला माणूस दिसेनासा झाला की माल दिसेनासा झाल्यासारखे वाटते. मग चॅटवरचा हिरवा ठिपका पाहणे, कॅमेरा चालू ठेवायला सांगणे, लॅपटॉपवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरे बसवणे हे सगळे ओघानेच येते, आणि त्याला उत्तर म्हणून माउस आपोआप हलवणारी यंत्रेही येतात. यात दोघांचीही प्रतिष्ठा कमी होते. सहा तासांचे काम तीन तासांत करणाऱ्याला या पद्धतीत बक्षीस नाही, उलट त्याच्या रिकाम्या तीन तासांची चौकशी आहे. म्हणून घरून कामाचे धोरण केवळ एचआर विभागाने लिहून भागत नाही. ते विक्री विभागाच्या टेबलावर, कंत्राट ठरताना लिहिले पाहिजे: पैसे कशाचे घ्यायचे, तासांचे की पूर्ण झालेल्या कामाचे. ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे अशी कंत्राटे या उद्योगाला परकी नाहीत. त्यांत जोखीम जास्त असते, अंदाज चुकला तर तोटा कंपनीचा होतो, म्हणून ती टाळली जातात. ती जोखीम पेलण्याची तयारी नसेल, तर मॅनेजरला ‘विश्वास ठेवा’ असे सांगणारी प्रशिक्षणे फारसे काही साधणार नाहीत.

दुसरा बदल लिहिण्याचा. गिटलॅब ही कंपनी मुख्यालयाशिवाय साठाहून अधिक देशांतल्या माणसांकडून चालवली गेली, २०२१मध्ये शेअर बाजारातही आली. तिची कामाची सगळी रीत एका हँडबुकात लिहिलेली असते आणि ते कोणालाही वाचता येते. लिनक्स ही संगणकप्रणाली १९९१पासून जगभरच्या हजारो लोकांनी ई-मेलमधून एकमेकांचे काम तपासत वाढवली आहे. त्यातले कित्येक जण एकमेकांना कधीच भेटलेले नाहीत. दोन्हीकडे समान आहे ते हे, की एखादा निर्णय का घेतला हे मागाहून येणाऱ्याला वाचून कळते. आपल्या कार्यालयांत ग्राहकासाठीचे सारे लिहिलेले असते, आणि टीमच्या आतले जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. हे मॉड्यूल असे का केले, याचे उत्तर कोणा एका सीनिअरच्या डोक्यात. रजा कशी मिळते, बढतीत काय पाहतात, याचे उत्तर ‘सरांना विचारून सांगतो.’ शेजारी बसलेल्याला ही उत्तरे चहाला जाता-येता मिळतात, दूरच्याला मिळत नाहीत. म्हणून सीट्रिपच्या प्रयोगातही सारख्याच कामगिरीला घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती, आणि आपल्याकडेही ती भीती रास्त आहे.

लिहिण्याच्या सवयीआड आपल्याकडे आणखी एक अडसर आहे, आणि त्याची चर्चा मी फारशी कुठे वाचलेली नाही. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून येणाऱ्या मुलामुलींत मराठी माध्यमातून शिकलेली पुष्कळ आहेत. सर्वांना दिसेल असे इंग्रजीत लिहायचे म्हटले की त्यांचा हात थबकतो. फोनवर मराठीत पाच मिनिटांत स्वच्छ समजावून सांगणारी मुलगी तीच गोष्ट लिहायला अर्धा दिवस घेते, कारण चूक सगळ्यांना दिसेल. ‘सगळे लिहून ठेवा’ असा हुकूम काढला की अशी माणसे मागे पडतात आणि सफाईदार इंग्रजी लिहिणारी, कामात बेताची असली तरी, पुढे जातात. हे घडू द्यायचे नसेल तर लेखनाचे ठरावीक नमुने द्यावेत, तुटक वाक्ये चालतात हे वरिष्ठांनी स्वतः तसे लिहून दाखवावे, टीम सगळी मराठी असेल तर अंतर्गत नोंद मराठीत करायला कोणाची हरकत नसावी. मराठीत देवाणघेवाण झाली तर दर्जा घसरेल, ही समजूत निराधार आहे. ग्राहकाला जायचे ते इंग्रजीत जाईलच.

नवख्यांच्या बाबतीत मी घरून कामाचा आग्रह धरणार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या प्रोग्रामरांच्या अभ्यासात असे दिसले की आपल्या टीमजवळ बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर सुमारे पाचव्या हिश्शाने अधिक अभिप्राय मिळत होते, आणि तरुण प्रोग्रामरांचा त्यात सर्वाधिक फायदा होता. चेन्नईतला शिकण्याच्या वेगातला फरकही हेच सांगतो. पण याच अमेरिकी अभ्यासात जवळ बसण्याची किंमतही दिसली: शिकवणाऱ्या सीनिअरांचे स्वतःचे काम कमी होत होते. म्हणजे नवख्याला कार्यालयात बोलावून उपयोग तेव्हाच, जेव्हा त्याला शिकवणारा तिथे असेल आणि शिकवण्यात गेलेले त्याचे तास त्याच्या मूल्यमापनात धरले जातील. नवीन भरतीला पाच दिवस हजर राहायला लावायचे, आणि तिचा मेंटॉर हैदराबादहून स्क्रीनवर बोलणार, या व्यवस्थेत दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात.

घरून कामावरच्या आक्षेपांपैकी मूनलायटिंगचा, म्हणजे एक नोकरी चालू असताना लपून दुसरे काम करण्याचा, आक्षेप सर्वांत जास्त गाजला. सप्टेंबर २०२२मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी कंपनीतून तीनशे जणांना याच कारणाने काढल्याचे सांगितले. प्रतिस्पर्धी कंपनीचे काम लपून करणे ही करारातली फसवणूक आहे, तिचे समर्थन करता येत नाही. पण नेमून दिलेल्या कामाचे माप स्पष्ट असेल, तर दुसरी नोकरी करणारा त्या मापात लवकर उघडा पडतो. तो वर्षभर उघडा पडत नसेल, तर त्याच्याकडून नेमके काय अपेक्षित होते हे कंपनीलाही ठाऊक नव्हते, आणि तो कार्यालयात येऊन बसला तरी ते कळणार नाही. सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मला अधिक वजनदार वाटतो. काही बँकांची कामे मोबाइलसुद्धा नेता येत नाहीत अशा बंद कक्षांतच होतात, आणि ती तिथेच व्हावीत. पण त्या कामांची कडक अट बाकी सगळ्या कामांना लावायचे कारण नाही.

राहिला तो कार्यसंस्कृतीचा, सहज भेटीगाठींतून सुचणाऱ्या कल्पनांचा आक्षेप. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून हे दिसले आहे की सारे घरी गेल्यावर एकत्र कामाच्या वेळातला आपल्या गटाबाहेरच्या लोकांसोबतचा वाटा सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. हे नुकसान खरे आहे. पण एमआयटीतले टॉमस अॅलन यांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिले होते की एकाच संस्थेत काम करणाऱ्यांमधले बोलणे अंतराबरोबर वेगाने घटते, आणि पन्नास मीटरच्या पुढे ते जवळपास नगण्य होते. हिंजवडीत फेज एक आणि फेज तीनमध्ये विभागलेली टीम, किंवा दोन जण पुण्यात, तीन चेन्नईत आणि मॅनेजर नोएडात अशी टीम, कार्यालयात बसूनही दूरस्थच असते. अशा टीमचा सभासद दीड तास गर्दीतून येतो, हेडफोन लावतो, दिवसभर स्क्रीनवर बोलतो आणि दीड तास परत जातो. त्याला मिळणारी सहज भेट कोणती? भेटीगाठी हव्या असतील तर त्या ठरवून घडवाव्या लागतात: तिमाहीत एकदा सगळी टीम आठवडाभर एका ठिकाणी, आराखड्याचे काम त्या आठवड्यात, प्रवासाचा खर्च कंपनीचा. सीट्रिपनेच, आताच्या ट्रिप डॉट कॉमने, १,६१२ कर्मचाऱ्यांवर पुढचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने घटले, आणि दोन वर्षांच्या मूल्यमापनात वा बढतीत काही फरक पडला नाही. प्रयोगाआधी मॅनेजरांना उत्पादकता घटेल असे वाटत होते. प्रयोगानंतर त्यांचे मत सरासरीने बदलले.

दोन दिवसांची ही तडजोड मोठ्या शहरात राहणाऱ्यांना पुरेशी आहे. सांगलीत आजारी वडिलांजवळ राहणाऱ्याला, किंवा बाळंतपणानंतर लातूरला माहेरी काही काळ राहू इच्छिणाऱ्या टेस्टरला ती उपयोगाची नाही. २०२०-२१मध्ये अशी कितीतरी माणसे गावी राहून पगार मिळवत होती, आणि परत बोलावणे आल्यावर त्यांतल्या अनेकांना, विशेषतः बायकांना, नोकरी आणि घर यांतून एक निवडावे लागले. त्यांच्यासाठी आज काय करता येईल, याचे उत्तर सगळी कंपनी बदलण्याची वाट न पाहता देता येते. ज्यांचे काम आधीच तिकिटांनी मोजले जाते अशा सपोर्टच्या एक-दोन टीम निवडाव्यात. त्यांच्या पुढच्या कंत्राटात तासांऐवजी सुटलेल्या तिकिटांचा आणि वेळमर्यादेचा दर ठरवावा. वर्षभराने तपासावे की सांगलीहून काम करणाऱ्याला गेल्या सहा महिन्यांतले टीमचे निर्णय कोणालाही फोन न करता वाचायला मिळाले का, आणि त्याचे नाव बढतीच्या यादीत पुण्यातल्या सहकाऱ्यांच्या बरोबरीने चर्चेला आले का. ग्राहकाने आपल्याला हेच प्रश्न तीस वर्षांपूर्वी विचारले होते, आणि त्यांची उत्तरे देण्याइतकी व्यवस्था आपण त्याच्यासाठी उभी केली होती.